न दिसणाऱ्याचे चित्र

भूत काढावे तरी कसे? प्रश्न पोरकट वाटेल, पण गेल्या पावसाळ्यात त्याने माझी झोप उडविली होती, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो माझ्या मानगुटीवर बसलेला होता.

त्याचे असे झाले. आमच्या वाङ्मय मंडळाने यंदा एक हस्तलिखित काढायचे ठरविले. विषय निघाला, जगातील गाजलेल्या भयकथा. कथा मराठीत आणण्याचे काम तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले, त्या सुवाच्य अक्षरात उतरविण्याचे काम दोघी मैत्रिणींनी, आणि चित्रांचे काम माझ्या गळ्यात पडले. वास्तविक मी चित्रकलेची विद्यार्थिनी नव्हे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा दिल्या होत्या, इतकीच माझी शिदोरी. वडील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कामगार, आई घर सांभाळून शिवणकाम करते, आजीला अक्षरओळख नाही. महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. तेव्हा, 'भयकथेची चित्रे कशी असतात?' हे विचारायला घरात कोणी नव्हते. जे काही शिकले ते पुस्तके चाळून आणि कागद फाडून शिकले. तेच येथे मांडते आहे. पुढच्या वर्षी हे काम ज्याच्या गळ्यात पडेल त्याला उपयोग होईल.

पहिला प्रश्न चित्रांचा नव्हता, कथांचा होता. सर्वांच्या तोंडी दोनच नावे होती, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. धारपांचे 'समर्थ' आणि मतकरींचा 'खेकडा' आमच्यापैकी अनेकांनी रात्री पांघरुणात वाचलेले. पण सरांनी आम्हाला कायदा समजावून सांगितला. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. धारप 2008 साली गेले, मतकरी 2020 साली. म्हणजे त्यांच्या कथा परवानगीवाचून घेता येणार नाहीत. मग ज्यांचा हक्क संपलेला आहे अशा चार कथा निवडल्या: एडगर ॲलन पो यांची 'द टेल-टेल हार्ट' (1843), रवींद्रनाथ टागोरांची 'क्षुधित पाषाण' (1895), डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची 'द मंकीज पॉ' (1902) आणि एम. आर. जेम्स यांची शिट्टीची कथा (1904).

मी उत्साहाने कामाला लागले. जेम्सच्या कथेसाठी पहिल्याच रात्री एक भूत काढले. लाल डोळे, सुळे, मोकळे केस, हाताला नखे. आजीपुढे कागद धरला. आजी माझी पहिली परीक्षक, कारण तिला कथा वाचता येत नाही. तिच्यापुढे चित्राला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. तिने कागद जवळ घेतला, लांब धरला आणि ती चक्क हसली.

"हे तं बोहाड्याचं सोंग हाये. याला कोण भ्यायचं?"

मित्रहो, ज्यांनी बोहाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे मूळ गाव त्र्यंबक तालुक्यात. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, पलीकडे मोखाडा, जव्हार या भागांत देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून रात्री सोंगे नाचवतात. त्याला बोहाडा म्हणतात. मुखवटे भडक, डोळे वटारलेले, जिभा बाहेर. लहान मुले क्षणभर दचकतात आणि मग सोंगाच्या मागे पळू लागतात. आजीचे म्हणणे बरोबर होते. राक्षस समोर येऊन उभा राहिला की त्याची गंमत वाटू लागते. भीती असते ती तो येण्याच्या आधी, संबळ वाजू लागते आणि अंधारातून अजून कोणीच दिसत नाही तेव्हा.

हा धडा मनात ठेवून मी जुनी पुस्तके आणि दिवाळी अंक पाहू लागले. 1840 साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय नाशिकात आहे हे आपले भाग्यच. मराठीत चित्रांची परंपरा केवढी मोठी! 1945 साली 'दीपावली' सुरू करणारे दीनानाथ दलाल, आणि रघुवीर मुळगावकर. दोघेही मूळचे गोव्याचे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुळगावकरांनी केलेली मुखपृष्ठे पाहावीत. रंग ब्रशाने लावलेला वाटतच नाही, फवाऱ्याने धुके पसरावे तसा तो कडेकडेला विरत जातो. पण ही मुखपृष्ठे रहस्यकथांची. त्यांचे काम स्टॉलवरच्या माणसाला थांबविणे. पुस्तकाच्या आतल्या चित्राचे काम वेगळे. वाचक आधीच थांबलेला असतो, त्याला आणखी आत न्यायचे असते.

आतल्या चित्रांबद्दल मला सर्वांत अधिक शिकविले ते जेम्स मॅकब्राईड या नावाने. एम. आर. जेम्स हे केंब्रिजचे गाढे विद्वान, जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक. भुतांच्या गोष्टी ते मित्रांना वाचून दाखवीत. मॅकब्राईड हा त्यांचा तरुण मित्र. त्याने या गोष्टींची चित्रे काढायला घेतली, आणि 1904 साली चारच चित्रे पुरी झालेली असताना त्याचा मृत्यू झाला. राहिलेली चित्रे दुसऱ्या कोणाकडून करवून घ्यायला जेम्स यांनी नकार दिला. पुस्तक त्या चार चित्रांनिशी त्याच वर्षी निघाले.

त्या चारांतले एक चित्र शिट्टीच्या कथेचे आहे. कथेतल्या प्राध्यापकाला समुद्रकाठच्या पडक्या अवशेषांत एक जुनी शिट्टी सापडते. तो ती वाजवितो. सराईतल्या त्याच्या खोलीत दोन पलंग आहेत आणि एक रिकामा आहे. एका रात्री त्या रिकाम्या पलंगावरची चादर उठून उभी राहते. बस्स, एवढेच! मॅकब्राईडने काय काढले? एक खोली, एक घाबरलेला माणूस आणि एक चादर. सुळे नाहीत, नखे नाहीत. आपण रोज झटकून घडी घालतो ती चादर. आणि तरी ते चित्र पाहून झाल्यावर दोन रात्री मी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाठ करून झोपू शकले नाही.

यातून मला पहिला नियम मिळाला. भयचित्रात सर्वांत जास्त कष्ट भुतावर घ्यायचे नसतात, त्याच्या आजूबाजूच्या साध्या वस्तूंवर घ्यायचे असतात. पलंग खरा वाटला, खुर्चीचे पाय जमिनीला नीट टेकले, भिंतीवरचा ओलीचा डाग खरा वाटला, तर वाचक त्या खोलीत शिरतो. मग एकच गोष्ट जराशी चुकीची ठेवायची. सगळेच विचित्र असेल तर काहीच विचित्र राहत नाही.

दुसरा नियम उजेडाचा. आपल्या चेहऱ्यावर उजेड नेहमी वरून येतो, सूर्याचा असो की ट्यूबलाईटचा. भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली सावली पडते, आणि माणूस ओळखण्याची आपल्या डोळ्यांची सवय त्या सावल्यांवर बसलेली असते. वीज गेल्यावर मेणबत्ती हनुवटीखाली धरून आरशात पाहा. सगळ्या सावल्या उलट्या होतात. चेहरा आपलाच असतो आणि तरी आपला वाटत नाही. एवढ्या साध्या युक्तीने ओळखीचा माणूस परका करता येतो.

तिसरी अडचण मात्र नियमाने सुटली नाही, ती पैशाने आली. हस्तलिखिताची मूळ प्रत एकच, पण वाटण्यासाठी पन्नास प्रती झेरॉक्स करायच्या होत्या. पोच्या कथेत एक वेडा माणूस रोज मध्यरात्री म्हाताऱ्याच्या खोलीचे दार हळूच उघडतो आणि झाकलेल्या कंदिलातून प्रकाशाची एकच तिरीप म्हाताऱ्याच्या डोळ्यावर सोडतो. मी सारे पान काळ्या पोस्टर कलरने भरले, कडेला पाण्याने पातळ केलेला करडा हात फिरविला आणि मधून पांढरी तिरीप ठेवली. मूळ चित्र छान दिसत होते. झेरॉक्स होऊन आली तेव्हा काळ्याचे मधेच फिके ढग झाले होते आणि करड्याची नुसती घाण झाली होती. चार रात्रींची मेहनत वाया गेली. मला रडूच कोसळले.

मग कळले की ही अडचण माझ्या एकटीची नाही, ती फार जुनी आहे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात चित्र छापायचे तर त्याचा जस्ताचा ठसा करावा लागे. त्यातल्या लाईन ब्लॉकला दोनच गोष्टी समजत, शाई लागणारी जागा आणि न लागणारी जागा. करडा रंग त्याला ठाऊकच नव्हता. करड्या छटांसाठी हाफटोन ब्लॉक होता, पण तो महाग आणि त्याला गुळगुळीत कागद लागे. अमेरिकेत 1923 साली 'वीअर्ड टेल्स' नावाचे भयकथांचे मासिक निघाले. ते खरबरीत स्वस्त कागदावर छापले जाई. 1935 पासून त्यात व्हर्जिल फिन्ले या चित्रकाराची चित्रे येऊ लागली. त्याने करडा रंग टाळून करडेपणा साधला. कसा? पेनाच्या टोकाने एकेक ठिपका देऊन. ठिपके दाट असले की अंधार, विरळ झाले की उजेड. ज्याला घाई आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

त्याच्याही आधी, 1919 साली, आयर्लंडच्या हॅरी क्लार्कने पोच्या कथांची चोवीस काळी-पांढरी चित्रे केली. क्लार्क हा चर्चच्या खिडक्यांसाठी रंगीत काचचित्रे करणारा. काचेचे तुकडे शिशाच्या काळ्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. ती सवय त्याच्या चित्रांत उतरली आहे. मोठा काळा भाग, आणि त्याच्या कडेला जरीकामासारखे बारीक नक्षीकाम. कापडाच्या नक्षीतच माणूस अडकल्यासारखा दिसतो.

मी दोघांचे थोडे थोडे घेतले. काळ्या शाईचे पेन आणले, पान पुन्हा आखले आणि अंधार आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीने विणला. जिथे फार गडद हवे तिथे जाळीवर तिरपी तिसरी रेघ. तिरीप म्हणजे कोरा ठेवलेला कागद. या वेळी झेरॉक्स स्वच्छ आली. शिवाय एक नफा झाला. भरलेला काळा रंग मुका असतो, रेघांचा अंधार मात्र हलल्यासारखा वाटतो. सक्तीने शिकलेली गोष्ट पुष्कळदा आवडीने शिकलेल्या गोष्टीपेक्षा पक्की बसते.

टागोरांच्या कथेसाठी गोदाघाटावर जाऊन पायऱ्यांची रेखाटने केली. कथेत एका ओसाड महालात राहणाऱ्या अधिकाऱ्याला संध्याकाळी वाटते, की मुलींचा घोळका नदीवर स्नानासाठी पायऱ्या उतरत धावतो आहे. दिसत मात्र कोणीच नाही. न दिसणारा घोळका काढायचा कसा? मी पायऱ्या काढल्या, रिकाम्या. पाणी काढले, शांत. फक्त शेवटच्या पायरीपाशी पाण्यात वर्तुळे काढली, नुकतेच कोणी पाय बुडवावा तशी. आजीने हा कागद बराच वेळ पाहिला. ती हसली नाही. "कोण उतरलं गं पाण्यात?" तिने विचारले. मला माझे गुण मिळाले.

चित्र कोठे ठेवायचे हाही एक प्रश्न असतो आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. उठलेल्या चादरीचे चित्र कथेच्या पहिल्याच पानावर आले तर लेखकाची सारी मेहनत फुकट. आपल्याकडे सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. सुट्या कागदांवरच्या चित्रांची एक पोथी असते. कथेकरी गात गात कथा सांगतो आणि प्रसंग आला की त्याचे चित्र पुढे धरतो. आधी नाही, नंतरही नाही. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. भीतीच्या कथेत हे वेळेचे भान दुप्पट लागते. म्हणून आम्ही प्रत्येक चित्र उजव्या पानाच्या मागे घेतले. वाचकाने पान उलटल्याशिवाय ते दिसत नाही. उलटणारा हात त्याचाच, म्हणजे भीतीही त्यानेच उघडायची.

आता राहिली माकडाच्या पंजाची कथा. ही मी शेवटी ठेवली होती, कारण ती मला नीट वाचवतच नव्हती.

एक म्हातारे जोडपे, त्यांचा कारखान्यात काम करणारा एकुलता मुलगा. हिंदुस्थानातून परतलेला एक सैनिक माकडाचा वाळलेला पंजा आगीत फेकतो, म्हातारा तो उचलून घेतो. पंजा तीन इच्छा पुऱ्या करतो. म्हातारा दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येतो. मुलगा यंत्रात सापडून गेला. कंपनी जबाबदारी घेत नाही, पण त्याच्या नोकरीची जाण ठेवून काही रक्कम देऊ इच्छिते. रक्कम दोनशे पौंड. पुढे आई मुलाला परत मागते, रात्री दारावर थाप पडते, आणि तिसऱ्या इच्छेनंतर दार उघडले तर बाहेर कोणी नसते.

सगळे म्हणाले, पंजा काढ, नाहीतर दारावरची थाप काढ. पंजा मी पाच वेळा काढला. पाचही वेळा तो जत्रेतल्या खेळण्यासारखा आला. मग लक्षात आले, की मला या कथेत पंजाची भीती वाटतच नाही. मला भीती वाटते ती फाटकाशी घुटमळणाऱ्या त्या माणसाची. कथेत म्हातारी त्याला खिडकीतून पाहते. चांगले कपडे घातलेला तो माणूस तीनदा फाटकाशी थांबतो आणि मग आत येतो. त्या क्षणी कोणालाच काही माहीत नसते, आणि तरी सगळे झालेले असते.

मी सातवीत असताना वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटे प्रेस मशीनमध्ये गेली. सातपूर-अंबडकडच्या पुष्कळ घरांत असा एखादा हात असतो, त्यात नवल नाही. त्या दिवशी मी शाळेत होते. घरी आई एकटी होती.

मी फाटकाशी उभ्या माणसाचे कच्चे रेखाटन केले, तेव्हा आई मागे उभी राहून पाहत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तो आत येईनाच. कडीला हात लावला, काढला, परत लावला. मी भांडी घासत होते. हाताचा साबण धुवायचंही सुचलं नाही मला." एवढ्या वर्षांत तिने हे कधी सांगितले नव्हते, आणि मी विचारले नव्हते.

मी म्हटले, "आई, हे चित्रात घेऊ का?"

ती म्हणाली, "घे. पण माझं तोंड काढू नको."

म्हणून त्या चित्रात खिडकीशी उभी बाई पाठमोरी आहे. तिचे हात ओले आहेत आणि अंगापासून जरा दूर धरलेले आहेत. खिडकीबाहेर फाटक, कडीवर ठेवलेला हात, आणि टोपीच्या सावलीत गेलेला चेहरा. पंजा कुठेही नाही. हस्तलिखितातल्या चार चित्रांत याच चित्रासमोर मुले थांबतात असे मैत्रिणी सांगतात. काही जण विचारतात, यात भुताचे काय आहे? त्यांना मी कथा वाचायला सांगते.

'तुंबाड' हा चित्रपट 2018 साली आला तेव्हा मी लहान होते, पुढे मोबाईलवर पाहिला. त्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतले आहे आणि त्यातल्या आजीच्या प्रसंगामागे धारपांची कथा आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी चित्रीकरणाच्या आधी सातशे पानांचा चित्रपट कागदावर रेखाटून काढला होता, हे वाचून मला धीर आला. भीती कॅमेऱ्यात येण्याआधी कोणीतरी ती पेन्सिलीने शोधावी लागते, आणि ते शोधणारा आपल्याच भाषेतला असू शकतो.

हे सर्व लिहिले म्हणून मला चित्रकला आली असे कोणी समजू नये. शिट्टीच्या कथेतल्या पलंगाचा डावा पाय अजून हवेत आहे, ते माझे मलाच दिसते. पण एक गोष्ट कळली. मी जेव्हा पुस्तकातली विलायती भुते आठवून काढीत होते तेव्हा सोंगे निघत होती. आमच्या दोरीवरची चादर, गोदेच्या पायऱ्या आणि घराचे फाटक काढले तेव्हा आजी गप्प झाली. शिकायला महाविद्यालयात आले ते घराबाहेरचे काही मिळेल म्हणून. ते मिळालेही. पण त्याने मला घराकडेच पुन्हा पाहायला लावले.

वडिलांनी चित्र सर्वांत शेवटी पाहिले, तिसऱ्या पाळीहून आल्यावर, चहाचा कप हातात घेऊन. मी श्वास रोखून उभी होते. त्यांनी कागद खिडकीशी नेला आणि म्हणाले, "आपल्या फाटकाची कडी डाव्या बाजूला आहे. तू उजवीकडे काढलीस."

मी त्याच दिवशी ती कडी खोडून डावीकडे काढली. मूळ प्रतीत खाडाखोड दिसते. हस्तलिखित ग्रंथालयात ठेवले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जरूर पाहावे, आणि पलंगाच्या पायाबद्दल माफ करावे.